तीस सेकंदांत राग

क्लिप तीस सेकंदांची असते. पहिले चार-पाच सेकंद नुसता तानपुरा वाजतो आणि नवखे खेळाडू गाणं सुरू होण्याची वाट बघत बसतात. मुरलेले मात्र तिथेच कामाला लागतात. पहिली तार पंचमाची लावली आहे, मध्यमाची की निषादाची, एवढं कानाने धरलं तरी कितीतरी राग एका झटक्यात बाद होतात. मध्यम असेल तर मन मालकंस-बागेश्रीकडे धावतं. निषाद घुमत असेल तर मारवा, पूरिया, सोहनी यांच्यापैकी कुणीतरी दाराशी उभं आहे असं समजायचं. गायकाने अजून षड्ज लावलेला नसतो आणि शोध निम्म्यावर आलेला असतो.

दर शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही हा खेळ खेळतो. रत्नागिरीतले आम्ही काही जण, चिपळूण-देवरुखची मंडळी, पुण्यात गाणं शिकवणाऱ्या एक ताई, बेळगावचे बँकेतून निवृत्त झालेले आप्पा आणि टोरांटोतला एक तरुण, ज्याच्याकडे तेव्हा दुपार होत आलेली असते. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. ओळख आहे ती आवाजाची आणि आवडीनिवडीची. गटावर क्लिप पडते. दोन मिनिटं कुणी काही लिहायचं नाही, मग सगळ्यांनी एकदम उत्तर पाठवायचं. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: राग, कलाकार किंवा निदान घराणं, आणि 'कशावरून'. हा तिसरा रकाना रिकामा असेल तर बरोबर उत्तरालाही गुण मिळत नाहीत. खेळाचा सगळा जीव या एका अटीत आहे. ती नसती तर हा नुसता पाठांतराचा खेळ झाला असता आणि मला त्यात फारसा रस उरला नसता.

गाणं ओळखून देणारी ॲप्स हल्ली सगळ्यांच्याच फोनवर असतात, पण इथे त्यांचा उपयोग होत नाही. ती आपल्या साठ्यातल्या ठरावीक ध्वनिमुद्रणाशी ठसा जुळवून बघतात. राग त्यांना कळत नाही. कुणाच्या घरच्या बैठकीत टेपवर उतरवून घेतलेला यमन लावला की ती गप्प बसतात. माणसाच्या कानाला मात्र तो यमन कुठेही भेटला तरी यमनच असतो.

पेपर काढणं हे खेळण्याहून अवघड काम. ज्याची पाळी असते तो आठवडाभर आपल्या संग्रहात बुडलेला असतो. बंदिशीचे बोल आले की संपलं, कारण ओळखीची बंदिश रागाचं नावच सांगून टाकते. सरगमही नको. म्हणजे आलापातला किंवा आकाराच्या तानेतला तुकडा शोधायचा, आणि तोही असा की त्या अर्ध्या मिनिटात रागाचा चेहरा दिसलाच पाहिजे. नुसतं चकवायचं म्हणून अडनिडा तुकडा कापला तर आप्पा सरळ लिहितात, "ह्यात राग कुठाय?" तो प्रश्न मग रद्द. जुन्या तबकड्यांतून घ्यायचं तर आणखी काळजी. त्या काळच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी कलाकार स्वतःचं नाव सांगतो. गौहरजानचं इंग्रजीतून नाव सांगणं तर प्रसिद्धच आहे. तेवढं कापावं लागतं. शिवाय त्या तबकड्या सगळ्याच काही नेमक्या ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नसत. पुढे कुणी त्या भलत्या वेगाने वाजवून संगणकावर उतरवल्या की काळी एकचा गायक काळी दोनमध्ये गाऊ लागतो आणि आवाज ओळखणारे फसतात. राग ओळखणाऱ्यांना काही फरक पडत नाही, कारण सगळेच स्वर एकत्र वर सरकलेले असतात.

मागच्या मोसमातली एक क्लिप मला तपशिलाने सांगावीशी वाटते. स्वर पाचच: सा, रे, ग, प, ध, सगळे शुद्ध. बहुतेकांनी क्षणभरही न थांबता भूप लिहिलं. पुण्याच्या ताईंनी लिहिलं देसकार, आणि कारण दिलं, "धैवतावर बसलाय. रिषभाला नुसता हात लावून जातो." आता हे दोन राग म्हणजे स्वरांनी तंतोतंत एक. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, कल्याणाच्या अंगाने जाणारा, गंधार त्याचा वादी. देसकार सकाळचा, बिलावलच्या अंगाचा, त्याचा वादी धैवत. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. कानाला ते पटवायला आम्हाला पाऊण तास लागला. आप्पांचं म्हणणं, भूपातही गायक अंतऱ्याकडे जाताना वरच्या अंगात खेळतोच, मग एवढ्यावर देसकार कसं म्हणायचं? मग क्लिप पुन्हा लावली, या वेळी फक्त मुक्काम मोजायला. गायक वर गेला, धैवतावर टेकला, पंचमाला येऊन परत धैवताकडे वळला. गंधार वाटेत लागला, पण त्याने तिथे पाय रोवला नाही. भूप गाणारा कितीही उंच गेला तरी त्याला गंधाराची ओढ असते. घरी परतल्यासारखा तो तिथे येऊन विसावतो आणि मग मंद्र धैवताला शिवून षड्ज गाठतो. इथे तसं एकदाही झालं नव्हतं.

चिपळूणच्या वहिनींनी तेव्हा जी युक्ती सांगितली ती अस्सल कोकणातली. म्हणाल्या, "सौभद्रातलं 'प्रिये पहा' मनात म्हणून बघा आणि मग हे ऐका." अण्णासाहेब किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ सालचं. ते पद देसकारात आहे, आणि पदाचा प्रसंगही रात्र सरून उजाडण्याचा. इथल्या कित्येक घरांत ते पद शाळेत जाण्याआधी कानावर पडलेलं असतं. रागाचं नाव माहीत नसताना देसकार आत जाऊन बसलेला. बाहेर काढायला फक्त निमित्त हवं होतं. टोरांटोच्या मुलाने ते पद त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी भूप-देसकारचे चार-पाच तुकडे एकाआड एक जोडून गटावर टाकले.

नाट्यपदांची फेरी आमच्याकडे वेगळीच रंगते. या गावाचं नाट्यसंगीताशी नातं जुनं आहे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचं 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली रंगभूमीवर आलं; दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने ते केलं आणि चाली वझेबुवांनी दिल्या. त्यातलं 'मर्मबंधातली ठेव ही' पटदीपात आहे. भीमपलास आणि पटदीप यांतला मुख्य फरक एका निषादाचा: भीमपलासात कोमल, पटदीपात शुद्ध. पण तो एक स्वर बदलला की सगळ्या रागाचा स्वभाव पालटतो. भीमपलासाची समजूतदार विनवणी जाऊन तिथे एक धारदार तळमळ येते. हे मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं. दोन क्लिपा पाठोपाठ ऐकल्या तेव्हा कळलं. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक तर पेपर काढणाऱ्याला मिळालेलं वरदानच आहे. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद अभिषेकीबुवांनी त्यात दोन तऱ्हांनी बांधलं, एकदा धानीत आणि एकदा सालगवराळीत. शब्द तेच ठेवून राग ओळखायला सांगितला की ऐकणाऱ्याला शब्दांवर टेकताच येत नाही.

कलाकार ओळखण्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथे आवाजाची ओळख आधी उभी राहते आणि विचार मागून येतो. कुमार गंधर्वांचा छोटा, तीरासारखा सुटणारा स्वरसमूह किंवा भीमसेनांचा खर्ज कुणाला सांगावा लागत नाही. कस लागतो तो आवाज अनोळखी असताना. अतिविलंबित लयीत झुमरा चालला असेल आणि गायक स्वरांच्या जोडण्या उलटसुलट करत सावकाश पुढे सरकत असेल, तर त्याच्यावर अमीर खाँसाहेबांची छाया आहे असं धरून चालायचं. मोकळा आकार, मध्यलयीकडे झुकलेला तीनताल आणि दमसासाची वळणं घेत जाणारी तान ऐकू आली की जयपूर. तिथून पुढे मन्सूर, मोगूबाई की केसरबाई याचा वाद रात्री उशिरापर्यंत चालतो.

पावसाळ्यात खेळ अडखळतो. जुलैत पत्र्यावर सर कोसळायला लागली की इअरफोन लावूनही मंद्रातलं काही ऐकू येत नाही, आणि लाइट गेली की रेंजही जाते. थंडीत गावात मैफली असतात, थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो, खल्वायनच्या सभा असतात. तिथे गटातले रत्नागिरीकर शेजारी शेजारी बसतात. गायकाने आलाप सुरू केला की फोन खिशातच राहतो, पण मान वळवून एकमेकांकडे बघणं होतंच, आणि मध्यंतरात चहाच्या कपाबरोबर पहिला शब्द निघतो तो 'कशावरून' हाच.

सध्या गटात एक निराळाच पेपर चालू आहे. देवरुखच्या एका घरात माळ्यावर जुनी कॅसेट सापडली. वर बॉलपेनने फक्त 'गणपती' लिहिलेलं, ना गायकाचं नाव, ना साल. फीत सुरकुतलेली होती. ती सरळ करून संगणकावर उतरवायला बराच खटाटोप झाला. आता ती आम्ही तीस-तीस सेकंदांनी ऐकतो आहोत. राग पूरिया, यावर एकमत आहे: कोमल रिषभ हलका, सगळा भार गंधार-निषादावर. हेच स्वर घेऊन रिषभ-धैवत ठळक केले असते तर मारवा झाला असता, आणि गायक तिकडे एकदाही झुकत नाही. ताईंच्या मते शिकवण किराण्याची आहे, कारण बढत एकेका स्वराने होते. आप्पांना ते मान्य नाही. बोल म्हणण्याची धाटणी ग्वाल्हेरची आहे असं ते म्हणतात, आणि त्यांनी दाखवलेल्या जागा ऐकल्या की मलाही त्यांचंच पटतं. हा कुणी नामवंत नसावा, कोकणात शिकवण्या करून राहिलेला गुणी माणूस असावा, असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच त्याचं नाव सापडायला हवं असं फार वाटतं.

मध्ये एका जागी गायक थांबतो आणि तबलावादक चार आवर्तनं एकटाच वाजवतो. डग्ग्यावर त्याची घिस्स खास आहे, दाबून ओढलेली, शेवटाला किंचित उचललेली. चिपळूणच्या वहिनींच्या माहितीत त्या काळी गणपतीच्या कार्यक्रमांना साथ करणारे एक वयस्कर तबलजी आहेत. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. गाणं कुणाचं हे आधी विचारायचं नाही असं ठरलं आहे. ती चार आवर्तनं लावायची आणि एवढंच विचारायचं, "काका, हा हात तुमचा का?"