टायर : माप व निवड

मोटारगाडीच्या टायरचे माप त्याच्या बाजूच्या भिंतीवर उठावाच्या अक्षरांत दिलेले असते, उदा., १८५/६५ आर १५ ८८ एच. यातील १८५ ही टायरची रुंदी मिमी. मध्ये असून भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सु. १२० मिमी. भरते. आर हे अक्षर रेडियल म्हणजे अरीय रचनेचे आणि १५ हा आकडा रिमच्या व्यासाचा निदर्शक होय. हा व्यास मात्र इंचांत असतो; मापांची ही सरमिसळ आता रूढच झाली आहे. ८८ हा भारांक एका टायरवरील ५६० किग्रॅ. भाराची, तर एच हे अक्षर ताशी २१० किमी. वेगाची कमाल मर्यादा दर्शविते.

निवड करताना ग्राहक बहुधा रुंदी व नक्षी पाहतो आणि भारांक दुर्लक्षितो. तो निर्मात्याने सांगितल्यापेक्षा कमी असल्यास भरलेल्या गाडीत भिंती अधिक वाकून तापतात व उन्हाळ्यात, विशेषतः वेगात, टायर फुटण्याचा धोका वाढतो. हवा कमी असल्यासही हेच घडते. वरील टायरऐवजी १९५/६५ मापाचा बसविल्यास बाह्य व्यास सु. २ टक्क्यांनी वाढतो आणि वेगमापक पूर्वीपेक्षा तितकाच कमी वेग दाखवितो. २००० सालापासूनच्या चार आकडी खुणेतील पहिले दोन आकडे निर्मितीचा आठवडा व पुढील दोन वर्ष सांगतात. ‘नवा’ टायर दुकानात किती काळ पडून होता, हे त्यावरून कळते.