अरण्याच्या वेढ्यातले अबू

आपल्या देशात अभयारण्यांच्या कडेने गावे वसलेली असतात. माउंट अबूत मात्र अभयारण्यच गावाच्या चहूबाजूंनी पसरले आहे. अरवलीच्या दक्षिण टोकावरील हे राजस्थानातील एकमेव थंड हवेचे ठिकाण. येथील अभयारण्य १९६० साली घोषित झाले. सुमारे ३०० चौरस किलोमीटर अरण्य आणि त्याच्या मधोमध, २०११ च्या जनगणनेनुसार, जेमतेम २३ हजार वस्तीचे नगर. गेल्या हिवाळ्यात मी तेथे चार दिवस राहिलो, आणि संवर्धनाच्या धोरणात ‘नगर’ नावाच्या गोष्टीचा विचार आपण किती कमी केला आहे, हे ध्यानात आले.

अबूची वस्ती काही काल-परवाची नाही. सोळंकी राजा पहिला भीम याचा मंत्री विमलशहा याने १०३१ मध्ये देलवाड्याचे पहिले संगमरवरी जैन मंदिर उभारले. त्याच्याच शेजारी १२३० मध्ये वस्तुपाल-तेजपाल या मंत्रीबंधूंनी दुसरे. पुढे सिरोही दरबाराकडून १८४५ मध्ये ब्रिटिशांनी आरोग्यधामासाठी येथे जागा मिळवली आणि हळूहळू राजपुतान्याचा कारभार या डोंगरावरून चालू लागला. १९५० ते १९५६ या काळात तर अबू मुंबई राज्यात होते. राज्यपुनर्रचनेनंतर ते राजस्थानला मिळाले. प्रशासनाच्या सीमा अशा वारंवार बदलल्या. डोंगर मात्र तोच राहिला.

आजची सीमा कायद्याची आहे. २००९ मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अबूला ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ घोषित केले. हेतूबद्दल वाद नाही. दारूबंदी असलेल्या गुजरातची सीमा अगदी जवळ असल्याने सुट्टीच्या दिवशी घाटरस्ता वाहनांनी भरून जातो, आणि हॉटेलांची भूक या एवढ्याशा पठाराला पेलणारी नाही. पण निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जुन्या बाजारातील एका वृद्ध रहिवाशाने मला घराचे गळके छप्पर दाखवले. ‘दुरुस्तीच्या परवानगीसाठी तीन पावसाळे गेले,’ ते शांतपणे म्हणाले. ज्याच्यापाशी वकील आणि वेळ आहे तो वाट काढतो. ज्याच्यापाशी नाही तो छपराखाली बादली ठेवतो.

अरण्याच्या बाजूनेही हिशेब जुळत नाही. संध्याकाळ उलटली की अस्वले कचऱ्याच्या शोधात वस्तीत उतरतात. पर्यटक मोबाइल पुढे करून त्यांच्या मागे धावतात. उष्ट्या अन्नाला चटावलेले अस्वल जंगलाकडे सहजासहजी परतत नाही, आणि एखाद्या दिवशी त्याचा व माणसाचा सामना होतो. आगीचे भय वेगळेच. एप्रिल २०१७ मध्ये येथील जंगल पेटले, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना नगरातील नक्की तलावाचे पाणी उचलून आगीवर ओतावे लागले. तलाव नगराचा, जंगल वनखात्याचे, ही विभागणी त्या दिवशी निरर्थक ठरली.

म्हणून ‘पर्यटन की पर्यावरण’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. खरा प्रश्न नियमांच्या रचनेचा आहे. राहत्या घराची डागडुजी आणि हॉटेलच्या नव्या खोल्या यांना एकाच चाळणीतून गाळणे अन्यायाचे आहे; पहिलीला ठरावीक मुदतीत परवानगी, दुसरीला कठोर मर्यादा, असा भेद करता येईल. अस्वलापासून सुरक्षित कचराकुंड्या आणि रोजची उचल यांचा खर्च प्रवेशशुल्कातून वेगळा काढून ठेवता येईल. आणि डोंगरावरील गरासिया, भिल्ल वस्त्यांना देखरेखीच्या यंत्रणेत केवळ हजेरीपुरते नव्हे, तर निर्णयाचे स्थान देता येईल.

हा पेच एकट्या अबूचा नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून, माथेरान २००३ पासून अशाच अधिसूचनांखाली आहेत. संरक्षित वनांभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा हवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये तो शिथिल केला. सर्वांना एकच माप लावणे किती कठीण आहे, हे त्यातून दिसले. नकाशावर रेषा ओढणे हे धोरणाचे पहिले पाऊल असते. त्या रेषेच्या आत राहणाऱ्यांनी कसे जगायचे, याचे उत्तर दिल्याखेरीज ते धोरण पूर्ण होत नाही. आणि ज्या कायद्याने रहिवाशाचे छप्पर गळके ठेवले, त्या कायद्याच्या रक्षणासाठी तो रहिवासी पुढे येईल, अशी अपेक्षाही ठेवता येत नाही.