हॉप विपणन मंडळ (इंग्लंड)

हॉप विपणन मंडळ ही इंग्लंडमधील हॉपच्या विक्रीचे नियमन करणारी वैधानिक संस्था होती. १९३१ च्या कृषी विपणन कायद्यान्वये १९३२ मध्ये ती स्थापन झाली आणि १९८२ मध्ये बरखास्त करण्यात आली. मंडळामुळे उत्पादकांना भावाची शाश्वती मिळाली. तथापि त्यांची शेती देशांतर्गत बाजारपेठेशी बांधली जाऊन निर्यात दुय्यम राहिली.

== पार्श्वभूमी ==
हॉप ही बहुवर्षायू वेल असून तिच्या मादी फुलोऱ्यामुळे बिअरला कडवटपणा, सुगंध व टिकाऊपणा लाभतो. बिअरखेरीज तिचा उपयोग अल्प असल्याने पीक थोडे वाढले तरी भाव कोसळतो. केंट, ससेक्स, हेरेफर्डशायर व वूस्टरशायर हे तिच्या लागवडीचे प्रमुख परगणे होत. १८७८ मध्ये सुमारे ७१,८०० एकर असलेले क्षेत्र १९३२ पर्यंत साडेसोळा हजार एकरांच्या आसपास आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले सरकारी नियंत्रण १९२५ मध्ये संपले. त्यानंतर उत्पादकांनी स्थापलेली ऐच्छिक सहकारी संस्था, बाहेर राहिलेल्या उत्पादकांच्या स्पर्धेमुळे १९२९ मध्ये कोलमडली. या अनुभवातून सक्तीच्या व्यवस्थेची मागणी पुढे आली.

== कार्यपद्धती ==
नोंदणीकृत उत्पादकांना आपला माल मंडळामार्फतच विकणे बंधनकारक होते. मद्यनिर्मात्यांची अपेक्षित मागणी पाहून प्रत्येकाचा कोटा ठरे. कोटा हस्तांतरणीय असल्याने त्याला स्वतंत्र किंमत आली आणि नव्या शेतकऱ्याला या व्यवसायात शिरणे खर्चिक झाले. आयात शुल्कामुळे परकीय मालापासूनही संरक्षण मिळत होते.

== निर्यातीवरील परिणाम ==
कोटा प्रामुख्याने ब्रिटिश मागणीवर आधारित असल्याने परदेशी ग्राहकांची आवड दुर्लक्षित राहिली. इंग्लंडमध्ये मळ्यात नर वेलीही लावण्याची प्रथा होती. परागीभवनाने बी धरून मालाचे वजन वाढे. युरोप खंडातील लागर बिअरचे उत्पादक मात्र निर्बीज हॉप पसंत करीत. जर्मनीत याउलट १९२९ च्या कायद्याने हॉपच्या उगमस्थानाचे प्रमाणीकरण सक्तीचे झाले होते. तेथे कायद्याने मालाच्या ओळखीची हमी दिली, तर इंग्लंडमध्ये खपाची.
निर्यात मर्यादित राहण्याचे कारण केवळ मंडळ नव्हते. व्हर्टिसिलियम मर रोगाने केंटमधील मळ्यांचे मोठे नुकसान केले होते.

== विसर्जन ==
१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. समुदायाच्या धोरणात ऐच्छिक उत्पादक गटांना स्थान होते, सक्तीच्या मक्तेदारीला नव्हते. त्यामुळे मंडळ विसर्जित झाले. पुढे उत्पादक स्वतंत्र गटांद्वारे विक्री करू लागले. मात्र खुली बाजारपेठ लाभली तेव्हा देशातही लागर बिअरचा खप वाढला होता आणि अधिक कडवट वाणांमुळे तेवढ्याच बिअरला कमी हॉप पुरत होते. त्यामुळे मंडळ गेल्यावरही लागवडीची घट थांबली नाही.