कोयनेचे पाणी आणि चंद्राचे पडणे

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोघींचा उगम महाबळेश्वरचा. वाटा वेगळ्या, पण उतार जिकडे नेईल तिकडे जात दोघी इथे भेटतात. गेल्या वर्षी कोजागिरीला तिथल्या घाटावर बसलो असताना आटपाडीहून आलेली पुतणी म्हणाली, "काका, पाणी खाली येतं, आंबा खाली पडतो, मग चंद्र का पडत नाही?" तिचे वडील, माझा चुलतभाऊ, डाळिंबाची बाग करतो. तो म्हणाला, "चंद्राचं राहू दे. पाणी खाली फुकट जातं, मग आमच्याकडं वर यायला त्याची पट्टी का पडते, ते विचार काकांना."

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जे शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि स्वतःच्या वहीतल्या आकडेमोडीवर. पण ती वही भरताना लक्षात आले, की बापलेकीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

आधी ही ओढ म्हणजे काय ते पाहू. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, ही कल्पना भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त मांडली आहे. न्यूटनने १६८७ मध्ये या ओढीचे गणित दिले आणि तोच नियम आकाशालाही लावला. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. वस्तुमान दुप्पट झाले की ओढ दुप्पट होते. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई उरते.

ही ओढ मुळात फार क्षीण आहे. साठ-साठ किलोची दोन माणसे एक मीटर अंतरावर उभी केली, तर त्यांच्यातली ओढ एका ग्रॅमच्या चाळीस हजाराव्या भागाच्या वजनाइतकी भरते. कोयना धरण पूर्ण भरले की त्यात सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३०० कोटी टन पाणी असते. ते सगळे एका जागी गोळा होऊन आपल्यापासून पाच किलोमीटरवर आहे असे धरले, तरी साठ किलोच्या माणसाला त्याची ओढ तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाएवढीच. पृथ्वीची ओढ आपल्याला जाणवते, कारण तिचे वस्तुमान सहावर चोवीस शून्ये इतके किलो आहे.

आता चंद्र. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर, त्याच्या साठपट दूर तो आहे. म्हणून तिथे पृथ्वीची ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी. हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र एका सेकंदात सुमारे १.४ मिलिमीटर पडतो. होय, चंद्र पडतोच आहे! पण त्याच सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर आडवाही सरकतो. तेवढ्यात त्याची वाट १.४ मिलिमीटरच वळते आणि त्याची उंची जवळपास तेवढीच राहते.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, हा समजही इथेच गळून पडतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकावर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ८९ टक्के असते. यान आणि माणसे बरोबरच पडत असतात, म्हणून आतली माणसे तरंगताना दिसतात.

भावाच्या प्रश्नाची किल्ली याच 'उंची'त आहे. गुरुत्वाकर्षण पट्टी लावते ती उंचीच्या फरकाला. चंद्राची उंची फारशी बदलत नाही, म्हणून त्याला इंधन लागत नाही. तो थोडा जवळ आला की वेग वाढतो, दूर गेला की कमी होतो, जमाखर्च जुळतो.

पाण्याचेही तसेच. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला ९,८०० जूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. काहीच वाया गेले नाही, तर एका युनिटमध्ये हजार लिटर पाणी ३६७ मीटर चढेल. उलट, कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात सुमारे ४७५ मीटर खाली येते. तिथे हजार लिटरमागे जास्तीत जास्त १.३ युनिट मिळू शकते. मग ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जाते.

कराडजवळ टेंभूला चित्र नेमके उलटे. तिथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी भागाकडे नेले जाते, कारण मध्ये खानापूरचे पठार उभे आहे. एकदा वर चढवले की पुढे कालव्यातून ते आपल्या उताराने, बिनखर्चाने जाते. पण वर चढवण्याची किंमत टळत नाही. एक एकरावर दहा सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हणजे सुमारे चार लाख लिटर. ते शंभर मीटर चढवायला ११० युनिट लागतात. पंप आणि नळांतल्या घर्षणात चौथाई ऊर्जा गेली असे धरले, तर सुमारे १५०.

पट्टीचा दर किती, तो कोणी किती सोसावा, कोयनेचे किती पाणी पश्चिमेला सोडावे, हे निर्णय माणसांचे आहेत. त्यावर भांडावे, लवादाकडे जावे. पण उंचीचा हिशेब कुठल्याही लवादापुढे कमी होत नाही. एक लिटर वाचले, तर ते वर आणायला लागलेली वीजही वाचते.

यंदाच्या कोजागिरीला वही पुतणीला दाखवली. चंद्राचे पान तिने दोनदा वाचले. भावाने पाण्याचे पान घेऊन आपल्या अडीच एकरांचा हिशेब पेन्सिलीने मांडला आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, ठिबकच्या दोन लाइनी गळतायत. उद्या पहिल्यांदा त्या बदलतो."