हरकत नोंदवली, उत्तर कुठे आहे?

नाशिक महापालिकेच्या सुधारित विकास आराखड्याला राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. २०२७ उजाडताच त्याला दहा वर्षं पूर्ण होतील. त्या वर्षी सगळ्या शहराचं लक्ष सिंहस्थ कुंभमेळ्याकडे असेल. पण मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी या शिवारांतल्या ज्या कुटुंबांच्या जमिनीवर बाग, शाळा, मैदान किंवा डीपी रोड आखला गेला आहे, त्यांना ही दहा वर्षं वेगळ्या कारणासाठी मोजावी लागतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातल्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरही ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती बारा महिने झाली आणि २०१५ मध्ये चोवीस महिने.

म्हणजे मालकाने आधी दहा वर्षं थांबायचं आणि मग आणखी दोन. एवढ्या काळात मुलं शिकून मोठी होतात, भावांच्या वाटण्या होतात, द्राक्षाची बाग निघून जमीन पडीक होते. हे सगळं ज्या एका निर्णयाने सुरू होतं, त्या निर्णयाविरुद्ध बोलायची संधी कायद्याने दिलेली आहे. तिचं नाव हरकतींवरची सुनावणी. या लेखाचा विषय तीच आहे, कारण नाशिकच्या गेल्या पंधरा वर्षांच्या नगररचनेत तिच्याइतकी महत्त्वाची आणि तिच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र आली. गावांचे मळे एका रात्रीत शहराच्या हद्दीत आले, पण ते मळेच राहिले. या शहरावर पहिला विकास आराखडा लागू झाला तो १९९३ मध्ये. नगररचनेचा नकाशा सोप्या भाषेत सांगायचा तर पिवळा पट्टा राहण्यासाठी, हिरवा शेतीसाठी, आणि मध्ये मध्ये शाळा, दवाखाना, भाजीमंडई, उद्यान यांची आरक्षणं. पिवळा आणि हिरवा यांमधल्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे जमिनीच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हरकतींचा मोठा भाग या रेषेभोवतीच असतो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे तीस दिवसांत कोणीही हरकत किंवा सूचना लेखी देऊ शकतो. बृहन्मुंबईसाठी ही मुदत साठ दिवसांची आहे. मालकीची अट नाही. शेजारी, भाडेकरू, गल्लीतली शिक्षिका, कोणीही चालतं. मग कलम २८ ची नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. ही समिती ज्यांनी सुनावणी मागितली त्यांना बोलावते, ऐकते आणि आपला अहवाल महापालिकेला देते. महापालिका बदल करून आराखडा सरकारकडे पाठवते आणि सरकार कलम ३१ खाली मंजुरी देते. सरकारला स्वतः मोठा बदल करायचा असेल तर तेवढा भाग वगळून त्यावर, म्हणजे सगळे ज्याला 'ईपी' म्हणतात त्या वगळलेल्या भागावर, पुन्हा हरकती मागवतात आणि त्या ऐकण्यासाठी वर्ग एकचा अधिकारी नेमला जातो.

कागदावर ही व्यवस्था उदार आहे. अमेरिकेतल्या शहरांत १९१६ च्या न्यूयॉर्कच्या नियमांपासून झोनिंग मंडळं आहेत आणि १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली. तिथे एखाद्याला नियमात सवलत हवी असेल तर शेजाऱ्यांना नोटीस जाते, उघड बैठकीत दोन्ही बाजू बोलतात, आणि मंडळाने निर्णयाची कारणं नोंदवावीत अशी अपेक्षा असते. आपल्याकडे सुनावणी आराखडा ठरण्याआधी होते आणि साऱ्या शहराला खुली असते. या बाबतीत आपला कायदा मागे नाही. कमतरता पुढच्या टप्प्यात आहे.

ती नेमकी काय आहे ते २०१३ पासूनच्या घटना सांगतात. सुधारित आराखड्याचा पहिला मसुदा त्या वर्षी आला आणि शेतकऱ्यांनी, लहान भूखंडधारकांनी आणि नगरसेवकांनी त्यावर इतका राग व्यक्त केला की महासभेने तो फेटाळला. सरकारने काम आपल्या हातात घेतलं आणि नगररचना विभागातले अधिकारी प्रकाश भुक्ते यांच्याकडे सोपवलं. त्यांचा प्रारूप आराखडा मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत साठ हजारांहून अधिक हरकती आल्यानंतर सरकारने मुंबईचा मसुदा मागे घ्यायला लावला होता. लोकांच्या हरकतींत आराखडा परत पाठवण्याची ताकद आहे, हे दोन्ही शहरांनी दाखवलं. पण ती ताकद सामुदायिक गोंगाटाची आहे. एकट्या अर्जदाराला ती उपयोगी पडत नाही.

एकटा अर्जदार काय अनुभवतो? गट नंबर, नकाशाचा उतारा, खरेदीखत, आजूबाजूच्या मंजूर लेआउटच्या प्रती घेऊन तो समितीसमोर जातो. एका दिवसात पुष्कळ जणांना ऐकायचं असल्यामुळे त्याला काही मिनिटं मिळतात. समितीचे सदस्य मान हलवतात, लिपिक नोंद घेतो. त्यानंतर त्याला थेट मंजूर आराखडाच दिसतो. आपली हरकत मान्य झाली की नाही हे त्याला नकाशावरचा रंग बघून कळतं. का मान्य झाली नाही, हे कळायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागतो. समितीने शिफारस केली आणि महापालिकेने ती डावलली, की महापालिकेने मान्य केली आणि मंत्रालयाने बदलली, हा धागा सामान्य माणसाच्या हाती लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या प्रकरणात सांगितलं होतं की ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा असेल तर व्यक्तिगत सुनावणी हा पोकळ उपचार होतो. ते प्रकरण आंध्रातल्या बससेवेच्या सरकारीकरणाचं होतं. नगररचनेला मात्र न्यायालयांनी वेगळा न्याय लावला. पुणे महापालिका आणि बांधकाम व्यावसायिकांची संघटना यांच्यातल्या २००४ च्या निकालात विकास नियंत्रण नियम करणं हे कायदे करण्यासारखं काम मानलं गेलं. त्यामुळे कायद्यात जेवढी सुनावणी लिहिली आहे तेवढीच मिळते, त्यापलीकडे नैसर्गिक न्यायाचा हक्क सांगता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण संबंध शहरासाठी केलेला नियम आणि एका कुटुंबाच्या वीस गुंठ्यांवर पडलेला चौकोन यांत फरक आहे. त्या चौकोनाचं कारण त्या कुटुंबाला लेखी सांगितल्याने कायदे करण्याच्या कामात कोणता अडथळा येतो?

दुसरी बाजूही इथे मांडायला हवी, कारण ती सुनावणीत कोणीच मांडत नाही. आरक्षण उठवा म्हणणारा मालक हजर असतो. मैदान राहू द्या म्हणणारी मुलं हजर नसतात. दहा वर्षांनी त्या भागात फ्लॅट घेणारी कुटुंबं तर अजून शहरात आलेलीही नसतात. नाशिकमध्ये १९९३ च्या आराखड्यातली काही आरक्षणं पैशाअभावी संपादन न झाल्याने सुटली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. मालकांवर त्यात अन्याय झाला नाही, त्यांनी बराच काळ सोसलं होतं. अन्याय झाला तो भोवतालच्या वस्तीवर, आणि तिला आपण काय गमावलं हे कोणी कळवलंही नाही. कारणं लेखी दिली तर मालकाइतकाच वस्तीलाही त्यांचा उपयोग आहे.

कायद्याने यावर एक तोडगा आधीच लिहून ठेवला आहे. कलम ३१ (५) सांगतं की महापालिका दहा वर्षांत आरक्षणाखालची जमीन घेऊ शकेल अशी सरकारची खात्री पटल्याशिवाय ती आरक्षणं मंजूरच करू नयेत. माझ्या मते संपूर्ण कायद्यात सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच आहे आणि सर्वांत कमी पाळलं जाणारंही हेच. महापालिकेच्या अंदाजपत्रकातली भूसंपादनाची तरतूद आणि नकाशावरच्या आरक्षणांची किंमत शेजारी शेजारी ठेवून ती खात्री कशी पटली, हे कुठल्या सुनावणीत विचारलं जातं? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला वाढला. तो वाढणं योग्यच होतं. पण त्यामुळे जुन्या हिशोबावर आखलेली आरक्षणं आणखी अवघड झाली. म्हणून टीडीआरचा मार्ग पुढे आला. जमीन द्या आणि तिच्या बदल्यात बांधकामाचे हक्क घ्या. २०१६ च्या राज्य धोरणात दाट वस्तीत तिप्पट आणि इतरत्र दुप्पट टीडीआर ठरला. पण तो वापरायला भूखंडासमोर किमान नऊ मीटरचा रस्ता लागतो. नाशिकच्या जुन्या कॉलन्यांत सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते भरपूर. त्यातच कपाटाची जागा चटईक्षेत्रात धरायची की नाही, या वादात शेकडो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. नाशिककर आजही त्याला 'कपाट प्रकरण' म्हणतात. घर घेतलं, हप्ते सुरू झाले, दाखला नाही. या प्रश्नात सुनावणीची सोयच नव्हती. शेवटी टीडीआर वापरता यावा म्हणून रस्ता रुंद दाखवण्यासाठी महापालिका अधिनियमाच्या कलम २१० चा आधार शोधावा लागला.

जमीन घेण्याऐवजी सगळ्यांची जमीन एकत्र करून पुन्हा वाटायची, हा नगररचना योजनेचा मार्ग नाशिकने स्मार्ट सिटीच्या निमित्ताने मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरात करून पाहिला. साधारण सातशे ते साडेसातशे एकरांचा प्रस्ताव होता. या मार्गाचं मला विशेष वाटतं, कारण त्यात सुनावणी जास्त खोल आहे. योजना आखण्याआधीच जमीनमालकांची सभा घ्यावी लागते, मसुद्यावर हरकती येतात, आणि मंजुरीनंतर लवाद प्रत्येक मालकाला वेगळं ऐकून अंतिम भूखंड आणि मोबदला ठरवतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत आपल्याकडे आहे आणि गुजरातने तिच्यावर शहरं वाढवली. तरीही मखमलाबादच्या अनेक शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. आपल्या वाट्याला किती जमीन येणार, कुठे येणार आणि ती कधी ताब्यात मिळणार, या तीन प्रश्नांवर त्यांना भरवसा ठेवण्यासारखं उत्तर मिळालं नव्हतं. आधीच्या आराखड्यांत ज्यांच्या हरकतींना उत्तरच मिळालं नाही, त्या लोकांनी नव्या योजनेच्या आश्वासनावर विसंबावं अशी अपेक्षा धरणं चुकीचं होतं.

काही हरकती मात्र मान्य करूच नयेत, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. १९ सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंतचं पाणी आणि त्याच्याही वरचं पाणी सांगावं लागत नाही. त्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा हा शहराचा रोजचा विषय झाला. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर. जुन्या नाशकातल्या वाडामालकांचं यात मोठं नुकसान आहे आणि त्यांना भरपाई म्हणून काही द्यायला हवं. पण रेषाच सरकवा, ही मागणी कितीही अर्जदारांनी केली तरी समितीने ऐकू नये. नदी हरकत घेत नाही; तिच्या वतीने माणसांनाच बोलावं लागतं. तपोवनातली झाडं सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी काढण्याच्या नोटिशीवर २०२५ च्या अखेरीस लोकांनी शेकडो हरकती नोंदवल्या, तेव्हा जमिनीचे मालक नसलेले नाशिककरही सुनावणीला येऊ शकतात आणि येतात, हे दिसलं. ते पाहून मला फार बरं वाटलं.

कायद्यात मोठा बदल न करताही बरंच काही करता येईल. प्रत्येक हरकतीला क्रमांक द्यावा. त्या क्रमांकासमोर समितीची शिफारस, महापालिकेचा निर्णय आणि सरकारचा निर्णय, तिन्ही कारणांसह, मराठीत, मंजूर आराखड्याबरोबरच प्रसिद्ध करावेत. समितीचा अहवाल महापालिकेच्या राजीव गांधी भवनात आणि संकेतस्थळावर कोणालाही पाहता यावा. आरक्षण ठेवताना ते कोणत्या वर्षी, कोणत्या पैशातून घेणार, हे त्याच तक्त्यात लिहावं. विधिमंडळाने कलम २८ मध्ये 'कारणांसह लेखी कळवावे' एवढी भर घातली तरी हजारो कुटुंबांची फरफट थांबेल.

वाचकांना एक व्यावहारिक विनंती. सातबारा कोरा दिसला म्हणून निश्चिंत राहू नका. आरक्षण झोन दाखल्यात आणि भाग नकाशात कळतं, ते महापालिकेच्या नगररचना विभागातून आजच काढून घ्या. आरक्षण असेल तर कलम ४९ ची खरेदी सूचना आपल्याला लागू होते का, समावेशक आरक्षणाखाली काही भाग देऊन उरलेला विकसित करता येतो का, हे वकिलाकडून समजून घ्या. जमीन १९९३ च्या आराखड्यातही आरक्षित असेल तर भावनगर विद्यापीठ आणि पालिताना शुगर मिल यांच्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००२ मधला निकाल वकिलाला दाखवा. आराखडा नव्याने झाला म्हणून मालकाचा जुना हक्क आपोआप बुडत नाही, असं तो गुजरातच्या कायद्याच्या संदर्भात सांगतो. आणि आपल्या गल्लीतल्या मैदानाचं आरक्षण उठवण्याची कलम ३७ ची फेरबदलाची सूचना वर्तमानपत्रात दिसली, तर तुमची एक चौरस फूट जमीन त्यात नसली तरी मुदतीच्या आत लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि सुनावणीला जा.