लहान बोअरचे पिस्तूल आणि त्याचे काडतूस

धाराशिव जिल्ह्यातील परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात आजही जुन्या तोफा पाहावयास मिळतात. विजापूरची विख्यात ‘मुलुख-ए-मैदान’ तोफ एकेकाळी याच किल्ल्यात होती. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ही तोफ १६३२ मध्ये परंड्याहून विजापुरास नेण्यात आली. तिची लांबी सुमारे १४ फूट आणि मुखाचा व्यास सुमारे २८ इंच आहे. म्हणजे एवढी अवाढव्य तोफदेखील आपल्या मुखाच्या केवळ सहापट लांब, आखूड नळीचीच होय.

नळीची लांबी, तिचा व्यास, दारूचे प्रमाण आणि गोळ्याचे वजन या चार गोष्टींचा मेळ बसल्याखेरीज कोणतेही अस्त्र आपले काम नीट करीत नाही. हा नियम तोफेला लागू आहे, तसाच हाताच्या पंजात मावणाऱ्या नेमबाजीच्या पिस्तुलालाही आहे. ग्रामीण भागातील विद्यार्थी आता नेमबाजीकडे वळू लागले आहेत. दुसरीकडे, रानडुकरांच्या उपद्रवाने त्रस्त झालेले शेतकरी शस्त्रपरवान्याविषयी विचारणा करीत असतात. या दोन्ही प्रश्नांचा उलगडा काडतुसाच्या निवडीपाशी होतो.

आखूड नळीचे गणित

काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळी लांब असेल तर वायूला काम करण्यास अधिक अवधी मिळतो. ती आखूड असेल तर दारू पूर्णपणे कामी येण्यापूर्वीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली शक्ती तोंडाशी जाळ व आवाज यांच्या रूपाने वाया जाते. म्हणून आखूड नळीसाठी थोडी पण त्वरेने जळणारी दारू आणि बेताच्या वजनाची गोळी असलेले काडतूस इष्ट ठरते.

या कसोटीला सर्वांत चांगले उतरणारे काडतूस म्हणजे १८८७ पासून प्रचारात असलेले ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ होय. त्याची शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि बुडाच्या कडेवर आघात होताच ते पेटते. रायफलीच्या लांब नळीतून साध्या प्रतीच्या काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते; पिस्तुलाच्या पाच इंची नळीतून तोच वेग सुमारे २७० मीटर इतका राहतो. पंचवीस मीटरवरील कागदी लक्ष्यासाठी तो पुरेसा आहे. धक्का अल्प असल्याने मनगट डळमळत नाही आणि पुढची गोळी झाडण्यापूर्वी नेम पुन्हा लवकर जुळतो.

याउलट, १९५९ मध्ये आलेले याच बोअरचे ‘मॅग्नम’ काडतूस मुख्यतः लांब नळीचा लाभ घेते. आखूड पिस्तुलात त्याचा अधिकचा वेग बराचसा लोपतो. जाळ व आवाज मात्र वाढतात, खर्चही वाढतो. ‘पॉइंट टू-टू शॉर्ट’ हे त्याहून लहान काडतूस जलद नेमबाजीत मानाचे होते. परंतु २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर नियम बदलले आणि त्याचे स्पर्धेतील स्थान गेले. ‘पॉइंट थ्री-टू’ बोअरचे काडतूस सेंटर-फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत चालते, पण त्याचा धक्का आणि खर्च पाहता नवशिक्याने तेथून आरंभ करणे योग्य नव्हे.

स्पर्धेचे नियम

पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धेत ५.६ मिलिमीटर बोअरचे शस्त्र लागते. नळी १५३ मिलिमीटरहून लांब आणि पिस्तूल १,४०० ग्रॅमहून जड असता कामा नये. चापाचा ताण किमान १,००० ग्रॅम असावा लागतो. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ अवघे पन्नास मिलिमीटर व्यासाचे असते. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

एकाच जातीच्या काडतुसांतही प्रत्येक खेपेच्या मालात सूक्ष्म फरक असतो. म्हणून जाणकार नेमबाज निरनिराळ्या खेपांची काडतुसे आपल्या पिस्तुलातून झाडून पाहतात आणि ज्यांच्या खुणा लक्ष्यावर सर्वांत जवळजवळ पडतील तीच पसंत करतात. महाग ते उत्तम, हा नियम येथे चालत नाही.

शाळेतील मुलांसाठी पहिली पायरी काडतुसाची नव्हे, तर ४.५ मिलिमीटरच्या हवाई पिस्तुलाची आहे. त्यात दारूच नसते. दहा मीटर अंतर, जाणता प्रशिक्षक आणि छर्रे अडविणारी भक्कम भिंत एवढ्यावर अभ्यास सुरू होऊ शकतो. पुढील वाटचाल मान्यताप्राप्त रायफल क्लबमार्फत करावी.

पीकसंरक्षण आणि कायदा

परदेशांत काही ठिकाणी उपद्रवी लहान प्राण्यांसाठी असे पिस्तूल वापरतात. ते ऐकून आपल्याकडेही उसाच्या फडात ते उपयोगी पडेल अशी कल्पना होते; ती चुकीची आणि घातक आहे. या पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा सुमारे शंभर ज्यूल, म्हणजे रानडुकराला तत्काळ ठार करण्यास अपुरी. जखमी डुक्कर फडात शिरते आणि सकाळी ऊस तोडावयास आलेल्या मजुरांवर उलटते. नेम चुकलेली गोळी मात्र एक किलोमीटरहूनही दूर जाऊन माणसाचा घात करू शकते.

कायद्याची दिशाही हीच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, तर रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा हवाई रायफलीचा निर्देश आहे. पिकांसाठी पिस्तुलाचा उल्लेख त्यात नाही. शिवाय बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुकराच्या बाबतीतही सक्षम वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश आवश्यक असतो. काळवीट तर पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे; केवळ पिकाचे नुकसान या कारणावरून त्याला मारण्याची मुभा मिळत नाही.

पिकाची नासधूस झाल्यास विलंब न लावता वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा; शासनाची नुकसानभरपाईची तरतूद त्यासाठीच आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी हा मार्ग शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविला आणि शिक्षकांनी होतकरू मुलांना क्लबची वाट दाखविली, तर पिस्तूल आपल्या योग्य जागी, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरच राहील.