सर्व्हरच्या खोलीतले शब्द

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आज विरळाच. रेशन असो, बँक असो की दाखला असो, खिडकीमागचा कारकून हे बोलतो आणि रोजंदारी बुडवून आलेला माणूस मुकाट्याने परत जातो. आम्ही स्वतः कारकून आहोत. हे वाक्य आम्हीही पुष्कळदा उच्चारले आहे आणि, खरे सांगायचे तर, अर्थ न समजता उच्चारले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत शिष्यवृत्तीच्या अर्जांचा फोल्डर चुकून पुसला गेला. आम्ही निर्धास्त होतो. "यात रेड आहे, सगळे दोन डिस्कवर लिहिले जाते," असे यंत्र बसविणाऱ्याने सांगितले होते. पण एका डिस्कवरचे पुसले ते त्याच क्षणी दुसरीवरचेही पुसले गेले! मग आम्ही चौघांनी रात्र रात्र बसून कागदांवरून सारे अर्ज पुन्हा चढविले. मुदत जेमतेम गाठली. त्यानंतर हे शब्द समजून घ्यायचे आम्ही ठरविले. वाचकहो, ते वाटतात तितके अवघड नाहीत.

सर्व्हर म्हणजे अनेकांची कामे एकाच वेळी करणारा, रात्रंदिवस चालणारा संगणक. तो ज्या लोखंडी चौकटीत बसवितात तिला 'रॅक' म्हणतात. यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी 19 इंच ठरलेली असते. उंची 'यू' या मापात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. पूर्ण उंचीचा रॅक बहुधा 42 यूचा असतो. यंत्र ज्या सरकत्या पट्ट्यांवर बसते त्या 'रेल'. जड यंत्र नेहमी खाली बसवावे, नाहीतर रॅक पुढे कलंडतो.

'रेड' हा शब्द 1988 साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधामुळे रूढ झाला. अनेक डिस्क एकत्र जोडून काम घेण्याची ही पद्धत. 'रेड एक'मध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिले जाते. 'रेड पाच'ला किमान तीन डिस्क लागतात आणि त्यांतली एक बिघडली तरी माहिती वाचते. 'रेड शून्य'मध्ये मात्र वेग आहे, संरक्षण मुळीच नाही. पण रेड फार तर डिस्क बिघडण्यापासून वाचविते, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी 'बॅकअप' हवा, म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेली वेगळी प्रत.

यंत्र बंद न करता सुटा भाग बदलता येणे म्हणजे 'हॉट स्वॅप'. 'रिडंडंट पॉवर सप्लाय' म्हणजे विजेचे दोन पुरवठे, एक गेला तरी दुसरा यंत्र चालवितो. मात्र दोन्ही वायरी एकाच यूपीएसला जोडल्या तर यूपीएस बिघडताच दोन्ही पुरवठे एकदम जातात. यूपीएसची बॅटरी सहसा काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात जनरेटर सुरू व्हावा किंवा यंत्र रीतसर बंद करावे.

आणखी एक शब्द 'अपटाइम'. यंत्र चालू राहण्याची हमी 99.9 टक्के आहे म्हटले की छान वाटते. पण वर्षाचे तास 8,760. म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा आहेच!

आपल्या मुलामुलींनी हे शब्द ऐकून बिचकू नये. रॅक बसविणे, वायरिंग करणे, बॅकअप सांभाळणे ही हाताने शिकता येणारी कामे आहेत. आणि आपण कोणत्याही संस्थेचे सभासद असू, तर पुढच्या सभेत उभे राहून एवढेच विचारावे: बॅकअप कुठे ठेवला आहे? आणि तो परत उतरवून शेवटचा कधी पाहिला? हा प्रश्न आम्ही वेळेवर विचारला असता तर त्या मुलांचे अर्ज धोक्यात आले नसते.